रक्त खोटं बोलत नाही

"रोगी खोटं बोलतो, रक्त नाही." हे वाक्य आकडेशास्त्र्यांनी आपल्या लॅबच्या काउंटरवरून जन्मभर लोकांच्या तोंडावर फेकलं होतं. 'आकडेशास्त्री' हे नाव शेजारच्या औषधवाल्यानं चेष्टेनं ठेवलेलं. यांनी ते पदवीसारखं मिरवलं. एखादी बाई म्हणाली, मला चक्कर येते, की हे चष्म्यावरून बघत. "हिमोग्लोबिन उत्तम आहे. चक्कर येणं बंद करा." रिपोर्ट कधी मिळेल असं कुणी विचारलं तर मान वर न करता एकच शब्द, "उद्या."

एकदा एक बाई नवऱ्याचे रिपोर्ट घेऊन आली होती. नवऱ्याला पक्षाघात झालेला. आकडे सगळे खाली आले, पण माणूस बोलत नाही, तपासायचं काही राहिलं का, असं ती विचारत होती. "रक्त बोलतंय ना? मग त्यांना बोलायची काय गरज?" असं म्हणून आकडेशास्त्री आपल्याच विनोदावर हसले. बाई हसली नाही. हिला विनोद कळत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग एका सकाळी मायक्रोस्कोपवर वाकलेले असतानाच त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. शब्द उरला एकच. "उद्या." पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, असं होतं, फार वापरलेला एखादा शब्द तेवढा मागे राहतो. पाणी हवं असलं तरी उद्या, पाठ दुखली तरी उद्या. डोकं मात्र आत शाबूत होतं, आणि तुच्छता तर जशीच्या तशी.

आज तर त्या तुच्छतेला उधाण आलं होतं. हॉस्पिटलातल्या खाटेच्या पायाशी मुलगा उभा होता, लॅबमध्ये वडिलांच्या गादीवर बसलेला आणि वडिलांचीच अक्कल उसनी घेतलेला. हातात आपल्याच लॅबचे रिपोर्ट.

"बघा ना डॉक्टर, सीआरपी, डी-डायमर, सुरुवातीला आभाळाला टेकले होते. आता एकदम नॉर्मल! मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीसुद्धा साफ."

डॉक्टरांनी खाटेकडे न बघता कागदाकडे बघितलं. "सुंदर आकडे आहेत. घरी न्यायला हरकत नाही."

"आणि बोलणं?" स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या. "गुठळ्यांचा जोर ओसरला, सूज उतरली, एवढं रक्त सांगतं. गेलेले शब्द परत आले का, हे त्याला काय माहीत? आमच्या विभागात आत्ता एक खाट रिकामी आहे. घरी नेलंत तर ती दुसऱ्या कुणाला जाईल. आणि हे सुरुवातीचे महिने पुन्हा येत नाहीत."

"मॅडम, बाबांचंच म्हणणं आहे, रक्त खोटं बोलत नाही."

गाढवा! आकडेशास्त्र्यांनी सगळा जीव घशात आणला. "उद्या!"

"ऐकलंत? उद्याच घरी जायचंय त्यांना!"

त्यांनी डाव्या हातानं त्याच्या हातातले कागद हिसकून जमिनीवर भिरकावले. "बघा, हातात ताकद पण आली," मुलगा खूश झाला. अरे, तो हात कधी गेलाच नव्हता! लॅब चालवतो म्हणे, आणि बापाचा कुठला हात लुळा पडलाय याचा पत्ता नाही. आपल्याच हाताखाली शिकलेला, बोल तरी कुणाला लावणार? आता हा आपल्याला घरी नेऊन कोपऱ्यात बसवणार आणि भिंतीवर रिपोर्ट लावणार, या विचारानं आकडेशास्त्री पहिल्यांदाच मनापासून घाबरले.

त्यांची बायको इतका वेळ कोपऱ्यात स्टुलावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "घरी जायचं म्हणत नाहीयेत ते."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"रिपोर्टातलं नाही कळत. ती भुवई बघ यांची. मी नवे पडदे लावले तेव्हा अशीच चढली होती. माझा भाऊ घरी आला की अशीच. तुझा दहावीचा निकाल लागला तेव्हाही अशीच. सगळा संसार मी ही भुवई बघत काढलाय. गाढव म्हणतायत ते तुला." ती डॉक्टरांकडे वळली. "तुम्हालाही, पण जरा कमी. त्यांना बोलायचंय. त्या खाटेवर न्या त्यांना."

स्पीच थेरपीच्या बाईंनी हसू दाबलं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि घरी पाठवण्याऐवजी विभाग बदलायला सांगितलं. मुलानं खाली वाकून कागद गोळा केले.

सगळे गेले. आकडेशास्त्री बायकोकडे बघत राहिले. तुला काय कळतंय, असं मुलगा आज म्हणाला. ते त्याला शिकवलं कुणी? त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. असं काही या तोंडातून कधी निघालंच नव्हतं, त्यामुळे चेहऱ्यालाही त्याची सवय नव्हती. भुवई आपली जुन्याच वाटेनं वर गेली.

"उद्या," ते शक्य तितक्या हळू म्हणाले.

"हो, कळलं," ती म्हणाली. "मीसुद्धा गाढवच. पडा आता."

"उद्या. उद्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं मान वर न करता पुढचा टॉवेल घडी घालायला घेतला.