चौथा रकाना

बाजारात तिला 'मोजणीबाई' हे नाव इस्त्रीवाल्याने पाडलं. एरवी ती शाळेच्या वाचनालयात कामाला होती. पण साथ आली, शाळेला कुलूप लागलं, आणि पुस्तकांवरची धूळ झटकायलाही कुणी आत सोडेना. तेव्हा एका संस्थेचं हे तात्पुरतं काम तिने धरलं. लोक दुकानात मास्क लावतात का, आणि त्याबद्दल त्यांना काय वाटतं, याची पाहणी. सकाळी दहा ते एक मोठ्या किराणा दुकानासमोर, इस्त्रीवाल्याच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायचं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ ओढायची. कागदावर चार रकाने होते: मास्क नीट, नाक उघडं, हनुवटीवर, आणि चौथा, मास्क नाहीच. दुकानाची दर्शनी बाजू काचेची असल्यामुळे आतलंही दिसायचं. आत गेल्यावर कुणी मास्क उतरवला, तर त्याची रेघ खोडून दुसऱ्या रकान्यात टाकायची.

"कुणाला टोकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, आणि दुकानात तर पाऊलही टाकायचं नाही," पाहणीच्या मॅडमनी बजावलं होतं. "तुम्ही म्हणजे नुसते डोळे."

तोंड चालवायचं ते दुपारी. घरी बसून यादीतल्या अनोळखी नंबरांना फोन लावायचे. दुकानात जाताना मास्क लावता का? नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, की कधीच नाही? प्रश्न पुरा व्हायच्या आत समोरून 'नेहमी' यायचं. वर पुन्हा, "आम्ही लावतो हो, बाकीचे लावत नाहीत ना!" हे तिने इतक्या जणांकडून ऐकलं की हे बाकीचे राहतात तरी कुठे, असा तिला प्रश्न पडायचा. एका आजीबाईंनी तेवढं विचारलं, "खरं सांगू, की तुला लिहायला बरं पडेल ते सांगू?"

तिचा नवरा गॅस एजन्सीत फिटर होता. घरोघरी जाऊन शेगड्या, नळ्या, रेग्युलेटर दुरुस्त करायचं काम. बावीस वर्षं झाली होती. मास्कच्या बाबतीत त्याच्याइतका कडक माणूस सगळ्या इमारतीत नव्हता. गेले काही आठवडे तो एकावर एक दोन मास्क लावून निघायचा. आल्या आल्या कपडे बादलीत, अंघोळ, मग बाहेरच्या खोलीत वेगळं अंथरूण. "मी दहा घरं फिरतो, तू लांबच बरी," म्हणायचा. जिन्यात कुणी उघड्या तोंडाने भेटलं की त्याला तिथेच थांबवून सुनवायचा. खालचा शेजारी एकदा तिला ऐकू जाईल असं म्हणालाही, "फिटरसाहेब हल्ली फार नाकाने कांदे सोलतात." आणि घरात हा माणूस एका जागी बसायचा नाही. उठायचा, शेगडीची बटणं चाचपायचा, रेग्युलेटर बंद आहे ना बघायचा, परत येऊन बसायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठायचा. साथीची धास्ती, असं तिने मनाशी धरलं होतं. धास्ती कुणाला नव्हती?

एका मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला दोन मास्क लावलेला एक माणूस दुकानात शिरला. तिने पहिल्या रकान्यात रेघ ओढली आणि मग चालीवरून ओळखलं. हा बाजार घरापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, आणि नेमका कोणता बाजार आपल्या वाट्याला आलाय, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं. हात वर करावा असं वाटलं, पण नियम आठवला आणि ती गप्प बसली.

तो काचेलगतच्या, फिनेल आणि साबणाच्या फळीपाशी थांबला. चोराने बघावं तसं दोन्ही बाजूंना बघितलं. मग दोन्ही मास्क एका कानावरून सोडवले. फिनेलच्या बाटलीचं झाकण उघडून ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला. बाटली जागेवर ठेवली, साबण उचलला, मग डांबरगोळ्यांची पुडी. शेवटी मास्क चढवून काहीही न घेता बाहेर पडला आणि मान खाली घालून निघून गेला.

"काय हो मोजणीबाई, आजारी वाटताय," इस्त्रीवाला म्हणाला.

"ऊन लागलं," ती म्हणाली. पहिल्या रकान्यातली रेघ खोडून चौथ्यात टाकायला तिला दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी तिने विचारलं, "आज कुठल्या बाजूला होतात?"

"आपलं नेहमीचंच. इकडेच."

बावीस वर्षांत तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण ते खोटं पचवताना त्याची त्रेधा उडायची आणि शेवटी तोच हसून टाकायचा. या वेळी तो हसला नाही. उठून शेगडीकडे गेला.

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. फिनेल कशाला हुंगतो माणूस? मनात जे आलं ते उच्चारायचीही तिला भीती वाटली. सकाळी तो अंघोळीला गेल्यावर तिने मोरीतली फिनेलची बाटली उचलली आणि कपाटात धान्याच्या डब्यामागे दडवली. झुरळांचं औषधही तिथेच सरकवलं. मग मोरी कशाने धुवायची, हा प्रश्न आला, तर नुसतं पाणी ओतलं. दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोनवर एका गृहस्थांना तिने एकच प्रश्न तीनदा विचारला. ते म्हणाले, "बाई, नेहमी म्हटलं ना. आणखी किती नेहमी?"

शुक्रवारी सकाळी ती न्हाणीघरात असताना करपलेल्या दुधाचा वास आला. केस तसेच ओले घेऊन ती बाहेर धावली. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, आणि शेगडीकडे पाठ करून तो टेबलाशी बसून नट आवळायचे पाने पिशवीत भरत होता.

"अहो, दूध!"

त्याने मान वळवली. धूर बघितला, झटकन उठून बटण बंद केलं. "माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पातेल्यासारखाच काळवंडला होता. माणूस इतका हरवलाय की नाकासमोर आग लागली तरी कळू नये, याचा तिने आपल्या भीतीला साजेल असाच अर्थ लावला.

सोमवारी तो पुन्हा त्या दुकानात आला.

या वेळी दुकानात गर्दी होती. तो त्याच फळीपाशी गेला, मास्क उतरवला, एकामागून एक वस्तू हुंगून शेवटी फिनेलची बाटली उघडली. पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि काचेतून तिला त्यांचे हातवारे दिसायला लागले. मग आणखी एकाने फोन काढून त्याच्याकडे रोखला. तिने कागद इस्त्रीवाल्याच्या टेबलावर ठेवला आणि रस्ता ओलांडला.

दार उघडताच आवाज अंगावर आला. "लाज कशी वाटत नाही म्हणते मी," हातमोजेवाल्या बाई म्हणत होत्या. "आमच्या घरी म्हातारी माणसं आहेत. तुमच्यासारख्यांमुळे आम्ही चार-चार महिने कोंडून घेतलंय. दुकानदार, हे तुमच्या दुकानात चालतं?"

"साहेब, मास्क लावा," दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला. "नाहीतर मलाच टाळं लावतील."

फिटरच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात झाकण. मास्क लावायला हात मोकळा नव्हता, आणि बाटली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात गॉगल लावलेला एक धिप्पाड माणूस त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर मास्क नव्हता, आणि कधी असेल असंही वाटत नव्हतं. त्याने फिटरच्या खांद्यावर थाप मारली.

"घाबरू नका भाऊ. मी आहे. ही साथबीथ सगळं थोतांड आहे. माणसाला कुत्र्यासारखं मुसकं बांधायचं आणि आपण बांधून घ्यायचं? तुमच्यासारखे चार मर्द निघाले ना, तर उद्या सगळे मास्क फेकून देतील."

फिटरने त्याच्याकडे बघितलं. ज्याने अख्खी इमारत मास्कपायी सळो की पळो करून सोडली, त्याला हा माणूस आपल्यातला समजत होता. तेवढ्यात त्याला दारात बायको दिसली.

"अहो, ती बाटली खाली ठेवा," ती म्हणाली. "माझी शपथ आहे तुम्हाला."

तिला काय वाटतंय ते त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने बाटली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अगं वेडे, पीत नव्हतो. मला वास येत नाही. पाच आठवडे झाले, कशाचाच येत नाही."

हा आजार वास घेऊन जातो, हे एव्हाना शाळकरी पोरालाही माहीत होतं. हातमोजेवाल्या बाई चार पावलं मागे सरल्या. फोनवाल्याने फोन खिशात टाकला. गॉगलवाल्याने फिटरच्या खांद्यावरचा हात असा उचलला, जसा काही तो तापलेल्या तव्यावर होता. मग खिसे चाचपत रुमाल काढला, नाकातोंडावर दाबला, आणि थोतांडाबद्दल आणखी एक अक्षर न बोलता पाठमोराच दाराबाहेर पडला.

"कशाकशाला हात लावलात?" दुकानदाराने लांबूनच विचारलं. फिटरला आठवेना.

"मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही फडकं द्या." फिनेलच्या दोन बाटल्या, तीन साबण, डांबरगोळ्यांची पुडी, अत्तराचे नमुने; तिने एकेक वस्तू पुसून जागच्या जागी ठेवली. बघायचंच तर काम होतं तिचं.

दोघं बाहेर येऊन बसथांब्याच्या बाकावर बसले. बस बंद असल्यामुळे तिथे कुणी नव्हतं. तो एकदा बसायला लागला, उठला, पुन्हा बसला.

"दोन दिवस कणकण होती ना मला? ऊन बाधलं म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. लोकांचे फोनवर फोन येत होते. मास्क होता, पण एकच, तोही घामाने भिजला की खाली सरकायचा. पाचव्या दिवशी सकाळी चहाला वास नाही. तेव्हा कळलं. तेव्हापासून दोन मास्क आणि वेगळं अंथरूण."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? गॅसच्या फिटरला वास येत नाही म्हटल्यावर कोण दारात उभं करील? म्हटलं, येईल चार दिवसांत. साबणाच्या फेसाने गळती कळतेच की. रोज कुठल्या तरी दुकानात जाऊन बघायचो. घरी हुंगत बसलो असतो तर तुला कळलं असतं." तो थांबला. "गेल्या सोमवारी मोठ्या बाईंकडे गेलो होतो. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एकट्याच असतात. शेगडी केली, फेस लावून बघितला, ठीक. त्या म्हणाल्या, वास येतोय अजून. मी म्हटलं, तुम्हाला भास होतोय. त्या हट्टी, हलायला तयार नाहीत. शेवटी वाकून बघितलं, तर भिंतीमागच्या जोडाचा नट सैल. मी तिथे काडी ओढणार होतो गं. हातात होती पेटी."

तिने नुसता त्याचा हात धरला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

"आणि वास जाण्याआधीच्या त्या दोन दिवसांत अकरा घरं केली," तो म्हणाला. "त्यांचं काय झालं, विचारायची हिंमत होत नाही. म्हणून दिसेल त्याला मास्क लाव, मास्क लाव करत सुटलो."

त्याच्या तक्रारवहीत अकराही नंबर होते. अनोळखी माणसांना फोन करायची सवय होतीच तिला. दुपारी तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि तिने एकेक नंबर फिरवला. सवयीने पहिल्याला 'पाहणीसाठी बोलतेय' म्हणून गेली, मग सावरून खरं ते सांगितलं. आठ घरं धडधाकट होती. त्यांतल्या दोघांनी शिव्या घातल्या, त्या तिने निमूट ऐकून घेतल्या. एका घरी नवरा-बायको दोघंही तापाने पडून उठले होते. पण त्यांच्याकडे त्याच आठवड्यात बारसंही झालं होतं. "कुणाकुणाला दोष द्यायचा?" ते गृहस्थ म्हणाले. एका घरच्या आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आता ते घरी होते, चालताना धाप लागत होती. अकरावा नंबर कुणी उचलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिथे जाऊन बघितलं, तर दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडे गेलेत बहुधा. त्या 'बहुधा'वर फिटर अजून अडकलेला आहे.

एजन्सीच्या मालकाला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालक तापला, "भडका उडाला असता म्हणजे?" म्हणाला, आणि त्याला घरोघरच्या कामावरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. आजोबांना दोघं बाहेरूनच भेटून आले. आजोबा खिडकीत बसले होते. फिटरने माफी मागितली, तर ते म्हणाले, "तुझ्यामुळेच झालं की दूधवाल्यामुळे, ते त्या विषाणूला विचार. मी विचारलं, तो सांगत नाही." म्हणाले ते हसत, पण पुढचं वाक्य बोलायला त्यांना दम घ्यावा लागला.

तिने मॅडमना कळवलं की आपण दुकानात पाऊल टाकलं, मधे बोललो. मॅडमनी त्या दिवसाचा कागद रद्द केला. "मंगळवारचाही रद्द करा," ती म्हणाली, आणि कारण सांगितलं. "तो राहू दे," मॅडम म्हणाल्या. "मास्क नव्हता ना? मग तो बरोबर आहे. का नव्हता, त्याला आपल्याकडे रकाना नाही."

पावसाळा गेला, हिवाळा आला, तरी त्याचा वास परतला नाही. रविवारी एजन्सी बंद असली की तक्रारींचे फोन घरच्या नंबरावर यायचे. एका रविवारी ती भाजी चिरत असताना फोन वाजला. कुणा बाईंच्या घरात गॅसचा वास पसरला होता.

"ताई, आधी खिडक्या उघडा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर फिरवा, उलट्या बाजूला. झाला? आता बाहेर जाऊन उभ्या राहा, माणूस निघालाय." फोन ठेवायचा तर त्याने विचारलं, "कसा येतोय वास, सांगाल? कुजल्यासारखा? घशाला लागतो का?" बाई सांगत राहिल्या. तो खोलीत येरझारा घालत ऐकत राहिला, मधून मधून हं म्हणत, जसं कुणी गावाकडची खबर ऐकावी.

"माणूस पोचला का त्यांच्याकडे?" बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं.

"पोचला," तो म्हणाला, आणि तरीही फोन खाली ठेवला नाही.