शिशातली सुई

त्या सकाळी मंत्र-उतारे करणाऱ्या उम्सूनच्या अंगणात चाळीस माणसं होती आणि चाळीस पोती. अडतीस पोत्यांत मांजरं. एकोणचाळिसावं पोतं स्तालबेक बाइकेचं. आमच्याकडे थोरल्या पुरुषाला बाइके म्हणतात, थोरल्या बाईला एजे. त्यातलं मांजर वाटेतच पोतं फाडून पळालं होतं, पण रांगेत जागा पुढची मिळाली होती, ती सोडवेना म्हणून बाइके रिकामं पोतं कवटाळून उभा होता.

"रिकाम्या पोत्यावर गुण येतो का गं, एजे?" त्यानं विचारलं.

"श्रद्धा असेल तर येतो," उम्सून म्हणाली.

चाळिसावं पोतं माझं. त्याचं पुढे सांगतो.

चुलीवर शिसं वितळत होतं. आमच्याकडे मूल दचकलं की त्याच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओततात. थिजल्यावर जो आकार निघेल, त्याला मूल घाबरलेलं असतं. लहानपणी माझ्या शिशात उंट निघाला होता. आमच्या काराबुलाक गावात उंट नाही. तरीही मी पुढची दोन वर्षं उंटाला घाबरून काढली.

माणसांवरचा हा उपाय उम्सूननं मांजरांवर आणला होता. प्रत्येकाला ती आधी मायेनं विचारायची, "टोचून आणलंय का रे बाळाला?"

"हो एजे, सोमवारी."

मग ती मांजराला भरतकामाच्या रुमालाखाली झाकायची आणि पळी पार डोक्याच्या वर न्यायची. "निघ, पोलादाच्या पोरी! निघ, परदेशी विषारी सवती!" चर्र! भांड्यातून निघायचा काट्यांचा झुबका.

"पाहा! काळजात सुई!"

बाया तोंडावर हात घ्यायच्या. नंतर उम्सून तेच पाणी मांजराच्या तोंडाला लावायची, त्याच रुमालानं त्याला पुसायची आणि हाक मारायची, "पुढचा!"

न टोचलेल्या मांजराच्या वेळी पळी भांड्याला टेकायची. गोळा निघायचा तो गुळगुळीत. "स्वच्छ आहे हो. सुईजवळ नेऊ नका."

सुईची गोष्ट अशी. चुमका हा मांजरांचा जुना रोग. ओकाऱ्या होतात, हगवण लागते, मग मांजर पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं आणि पीत नाही. सप्टेंबरात त्यावरची लस पहिल्यांदाच आमच्या गुरांच्या दवाखान्यात आली. डॉक्टर कानिशायनं चौकात उभं राहून सांगितलं, "लस अंगात मुरायला दिवस लागतात. रोग आधीच आत शिरला असेल तर ती वाचवेलच असं नाही. म्हणून लवकर आणा." लोकांनी यातलं 'वाचवेलच असं नाही' एवढं नीट ऐकलं.

पहिल्या दिवशी अकरा मांजरं टोचली. शुक्रवारपर्यंत दोन मेली. गावानं हिशेब मांडला: दोन मेली ती सुईनं, नऊ जगली ती उम्सूनच्या कृपेनं.

आणि मी? बाजारात माझं गाड्यांचे रेडिएटर डाख देऊन दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथं बसून मी म्हणालो, "पहिल्या खेपेचं काहीच घेऊ नये. आधी दुसऱ्यांची मांजरं टोचून होऊ देत." सगळे हसले. चांगला विनोद होता. आईही ऐकत होती.

आईला मी आपा म्हणतो. वडील गेल्यापासून ती घरात बोलायची ती फक्त मांजरीशी. मांजरीचं नाव डिरेक्टर, कारण शाळेच्या डिरेक्टरबाईंसारखी तीही कुणाच्या हाकेला ओ देत नसे. डिरेक्टरला अडीच महिन्यांची चार पिल्लं होती. माझा विनोद ऐकून आपानं ती दवाखान्याऐवजी उम्सूनकडे नेली.

"चौघांचंही गोल निघालं," ती आल्यावर म्हणाली. महिन्याभरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आठव्या दिवशी एक पिल्लू वाटीवर मान टाकून बसलं. दहाव्या दिवसापर्यंत तीन गेली. आपानं ती पॉप्लरच्या झाडाखाली पुरली. उम्सूननं निरोप पाठवला की, शेजारच्या टोचलेल्या मांजराची सावली पडली असणार. त्यानंतर आपानं डिरेक्टरशीही बोलणं सोडलं.

म्हणून मी पोतं घेऊन रांगेत उभा होतो. डॉक्टर कानिशायलाही मीच बोलावलं होतं. ती फाटकाशी उभी होती, आणि तिच्या मागे आपा, उरलेलं पिल्लू कोटाच्या आत धरून.

माझा नंबर आला.

"टोचून आणलंय का रे?"

"हो एजे. कालच."

"हालत नाही ते?"

"गुंगीत आहे."

"पाहा!" उम्सून गर्दीकडे वळली. "सुईची गुंगी! जीव निम्मा गेलाय!" तिनं पोत्यावरच रुमाल टाकला. पळी वर गेली. चर्र! काट्यांचा झुबका. "तीन सुया! एक काळजात, एक मूत्रपिंडात, एक डोळ्यामागे!"

मी पोतं उलटं केलं. आतून कोबी पडला आणि घरंगळत स्तालबेक बाइकेच्या बुटाला जाऊन टेकला.

कोबीला मूत्रपिंड कुठे असतं, याचा बहुतेक जण विचार करत असावेत.

"आता डॉक्टरीण कोब्यांनापण टोचायला लागली?" मागून एक बाई ओरडली.

"तो कोबी न टोचलेला आहे, एजे," मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत आणि मी खोटं सांगितलं. शिशानं तुमचं ऐकलं, मांजराचं नाही."

"कारागिरा, हे तुझ्या रेडिएटरचं काम नाही!"

"शिसं तेच आहे." मी तिच्या हातातून पळी घेतली. "कोबी इथंच राहू दे. हे उंचावरून." चर्र. काटे. "हे पाण्याला टेकून." गुळगुळीत गोळा. "उंचावरून पडलं की फुटतं, फुटता फुटता थिजतं, टोकं निघतात. दुकानात माझ्या बुटांवर रोज सुया पडतात. माझ्या बुटांना कुणी टोचलेलं नाही."

तीन-चार जण हसले. मला वाटलं, झालं. इथं ही गोष्ट संपली असती तर मला फार आवडलं असतं.

पण डॉक्टर कानिशाय पुढे आली आणि तिनं तो रुमाल दोन बोटांत उचलला. त्याच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या.

"आजारी मांजरंही याच्याखाली होती?"

"त्यांनाच तर जास्त गरज," उम्सून म्हणाली.

"आणि निरोगी?"

"सगळी. मी भेद करत नाही."

"कधी धुतलात?"

"धुतला तर गुण जातो."

कानिशाय गर्दीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "चुमका ओकारीतून जातो, लाळेतून जातो. कापडावर कित्येक महिने जिवंत राहतो. आजाऱ्याला पुसलंत आणि त्याच कापडानं धडधाकट मांजराचं तोंड पुसलंत. एकाच भांड्यातलं पाणी सगळ्यांना पाजलंत. शिशातली सुई खोटी होती. रोग खरा होता, आणि तो घ्यायला तुम्ही रांग लावलीत."

लोक हातातल्या पोत्यांकडे पाहू लागले. उम्सून घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली.

आपा पुढे आली. "माझी चारही याच्याखाली होती."

कानिशायनं मान डोलावली.

"हे चौथं. याला टोच."

"आपा, ऐका. हेही त्यांच्याबरोबरच होतं. रोग आत असू शकतो. आज टोचलं आणि चार दिवसांनी मेलं, तर गाव म्हणेल सुईनं मेलं. पुन्हा कुणी माझ्याकडे येणार नाही. न टोचलं आणि मेलं, तर कुणी काही म्हणणार नाही."

"टोचल्यानं वाचायची आशा वाढते का?"

"थोडी."

"मग टोच. डिरेक्टरलाही टोच. गावाचं मी बघते."

पिल्लू पाचव्या दिवशी गेलं.

आपानं ते पुरलं, हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि बाहेर पडली. मी मागून गेलो. पहिलं घर स्तालबेक बाइकेचं.

"माझं चौथंही गेलं," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "सुईनं नाही. मी त्याला माझ्या हातांनी त्या रुमालाखाली धरलं होतं. तुझं मांजर परत आलंय का? मग उद्या दवाखान्यात ने."

वडील गेल्यापासून ती माणसांशी इतकं बोलली नव्हती. हेच तिनं बासष्ट घरी सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं. सोमवारी दवाखान्यासमोर सत्तावीस मांजरं आली, तीही धुतलेल्या टोपल्यांतून आणि एकमेकांपासून लांब.

डिरेक्टर जगली. तिनं अजून कुणाच्या हाकेला ओ दिलेली नाही.

लस नवी आहे म्हणून शंका घ्या. जरूर घ्या. डॉक्टरला विचारा, चारदा विचारा, ती उत्तर देईल, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेल. पण तेवढीच शंका जुन्या रुमालावरही घ्या. आणि चमत्कार करणारा आधी तुम्हालाच काय विचारतो, तिकडे लक्ष ठेवा. मी ठेवलं, पण तोवर पॉप्लरखाली तीन खड्डे झाले होते. चौथ्याची जागाही ठरून गेली होती.