पाहुण्यांसमोर बसायची रीत

सकाळी दूध उतू जायच्या बेतात असताना दाराची कडी वाजली आणि त्या घरात नेहमी व्हायचं तेच झालं. सासूबाई "आले, आले" म्हणत मुद्दाम वेळ काढू लागल्या. सुनेनं गॅस बंद केला आणि आपल्या सात वर्षांच्या ठमीला उचलून खुर्चीत बसवलं. पाठीला उशी, अंगावर शाल, आखडलेला डावा हात शालीखाली. हसली की लाळ गळते, म्हणून तोंड मिटलेलं. कुणी काही विचारलं तर एकच शब्द बोलायचा, "छान."

दारात नुसता कचरेवाला होता. तेवढाच सराव झाला.

ही रीत सासूबाईंची. धाकट्या लेकीचं, ठमीच्या आत्याचं, लग्न जमायचं होतं. "घराण्यात खोट आहे असं एकदा लोकांच्या तोंडी लागलं की संपलं," त्या म्हणत. बाई वाईट नव्हत्या. नातीला फिट आली की तिचं डोकं मांडीवर घेऊन त्याच रडत बसायच्या. पण दार लावून.

ठमीला घास भरवावा लागे, तोही घशात अडके. हात धरला तर ती चार पावलं टाकी. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की व्यायामाचे उपचार आत्ताच नियमित सुरू झाले नाहीत, तर पाय कायमचे आखडतील आणि ही चार पावलंही जातील. कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या बापाच्या पगारात ते उपचार बसत नव्हते.

सून कॉलेज शिकलेली. मिळेल ते वाचत, दहा ठिकाणी विचारत, तिनं सरकारी मदतीचा गुंता सोडवला.

"अहो, ऐका तरी. ही एक मदत नाही, तीन निराळ्या आहेत. एक ठमीच्या नावानं, ती घरची मिळकत बघून देतात. दुसरी तुमच्या पगारातून विमा कापतात ना, त्यातून. तिला मिळकतीची अट नाही, आणि आपल्यामागेही पोरीला चालू राहते. तिसरी सांभाळणाऱ्याला."

"म्हणजे तुला आई असल्याचा पगार?" नवरा जेवता जेवता हसला. "मग बापानं काय घोडं मारलंय?"

"हसा तुम्ही. पण तिन्हींना कुलूप एकच आहे. तपासणी मंडळानं ठरलेल्या टक्क्यांच्या वर अपंगत्व लिहिलं, तरच मिळतं. नाहीतर तिन्ही बंद."

मंडळ बसायचं ते एका लांबट हॉलमध्ये. टेबलामागे दोन डॉक्टर, आणि भिंतीला लागून रांगेतल्या लोकांच्या खुर्च्या. पडदा नाही, आडोसा नाही. एकाची विचारपूस सगळ्यांनी ऐकायची. त्या रांगेत गल्लीतल्या शिवणकामवाल्या मावशी बसल्या होत्या. आत्याचं स्थळ त्यांनीच आणलेलं.

समोर ओळीनं अनोळखी माणसं बघताच ठमी ताठ बसली. हात आपणच शालीखाली घेतला, तोंड मिटलं.

"कशी आहेस बाळ?"

"छान."

"स्वतःच्या हातानं जेवते?"

"जेवते की!" सोबत आलेल्या सासूबाई पटकन बोलून गेल्या.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. "कपड्यांत होतं का? शू, शी?"

मावशींची मान इकडे वळली. "ती सांगते खुणेनं... जमेल तसं," आई पुटपुटली. मागे रांग वाढत होती. डॉक्टरांनी ठमीचा उजवा हात दाबून पाहिला, चार पावलं चालवली आणि पुढचं नाव पुकारलं.

टक्के कमी आले. तिन्ही मदती एका फटक्यात गेल्या.

"बरंच झालं की," नवरा म्हणाला. "कमी आले म्हणजे पोरगी बरी आहे." सासूबाईंनी तर मावशींना घरी बोलावून सांगितलं, "मोठ्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय, फारसं काही नाही म्हणून." स्थळाकडून होकार आला. घरात हसणं-बोलणं सुरू झालं.

आणि एके दिवशी आंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं, ठमीची डावी टाच आता जमिनीला टेकतच नाही.

फेरतपासणी एकदाच मागता येत होती. तिनं मागितली.

"लग्न तोंडावर आलंय आणि तू चव्हाट्यावर जाणार?" सासूबाई कडाडल्या. "माझ्या लेकीचं वाटोळं करून तुझ्या लेकीचं भलं होणारे का गं?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं. "वहिनी, थांबा, चप्पल घालते," आत्या म्हणाली. "मीपण येते."

तोच हॉल, तशीच रांग, आणि रांगेत पुन्हा त्याच मावशी. या वेळी आईनं आधी शाल काढली. मग पिशवीतलं बिस्कीट पाण्यात भिजवून ठमीला भरवलं. घास अडकला. पोर लालबुंद झाली, पाठीवर थापट्या मारताच सगळं बाहेर आलं. आई बोलू लागली. कपड्यांत होतं. झोपेत फिट येते, म्हणून रात्रभर कुणीतरी जागं असतं. बटण लावता येत नाही. टाच टेकत नाही. ती एकेक गोष्ट मोठ्यानं सांगत गेली, आणि शेजारी बसून ठमी ती एकेक गोष्ट ऐकत होती. तिला "छान"पलीकडे बोलता येत नव्हतं, कळत मात्र सगळं होतं.

बाहेर आल्यावर तिनं आईचा हात झिडकारला. आत्याच्या खांद्यात तोंड खुपसलं ते घर येईपर्यंत काढलं नाही.

निकाल नंतर कळवणार होते. काय लागेल, कुणी सांगू शकत नव्हतं. वाचकहो, माणसाची लाज चारचौघांत उसवल्याशिवाय त्याची गरज दिसत नाही, अशी ही तपासणी. आणि ती लाज त्याला आधी आपणच शिवून दिलेली असते, घरोघरी, दारं लावून.

त्यांच्या आधी मावशींमार्फत बातमी घरी पोचली होती. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"हो."

"मग आता राहिलं काय आपल्याकडे?"

सुनेनं आत्याच्या कडेवरची पोर आपल्याकडे घेतली. ती अजून रुसलेलीच होती.

"ठमी राहिलीये, आई. सरका जरा, तिला आत घेऊ द्या."