काठाची झाकणी

मी एक जुनी झाकणी आहे. पितळेची, उभ्या काठाची. पातेलं नाही, नुसती झाकणी. त्यामुळे माझी गोष्टही थोडी अर्धीमुर्धीच असणार. सांभाळून घ्या, मित्रांनो.

जन्म. पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि माझा काठ बोटभर वर उचलला.

ऐन उमेद. मुक्ताईच्या आईची चूल. पातेल्याखाली विस्तव, माझ्या डोक्यावर निखारे, मध्ये काहीतरी गोड. घरभर माझं कौतुक.

मग मुक्ताई लग्न होऊन कोथरूडला आली आणि मीही तिच्याबरोबर आले. पुढे गॅस आला. पातेलं मोडीत गेलं. मी बाल्कनीत, जास्वंदीच्या कुंडीखाली.

(इथे माती. पाणी. पुन्हा माती. पुढे चला.)

यंदा मार्चमध्ये मुक्ताई टायफॉइडमधून उठली, पण तोंडाची चव परतली नाही. कशाचा वासही येईना. ताट गेलं तसंच परत यायचं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल. बाल्कनीचं दार उघडं असे, मला सगळं ऐकू येई.

"अगं, काय खावंसं वाटतंय, ते तरी सांग," तिचे यजमान शरच्चंद्र काकुळतीने म्हणाले.

"आईच्या पुस्तकातला भाजका अंजीरपाक. जमणार आहे का? नाही ना? मग विचारू नका."

शरच्चंद्रांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं. तरी ते पिशवी घेऊन निघाले. अंजिरं आणली, खवा आणला आणि कव्हर फाटलेलं ते पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागले.

*पिकलीं अंजिरें चिरून खव्यांत मिसळावीं.*

मिसळली.

*साखर बेताची घालावी.*

"बेताची म्हणजे किती गं?"

"बेताची म्हणजे बेताची."

*झांकणीवर निखारे ठेवून खालीं-वर मंद भाजावें.*

"झाकणीवर? घरंगळतील की!"

"म्हणून तर तिला काठ आहे. जास्वंदीखाली बघा."

कुंडी हलली. ऊन! त्यांनी मला चिंच लावून घासलं. लाजले मी.

आता निखारे. ते घमेलं घेऊन खाली इस्त्रीवाल्या सुखदेवकडे गेले.

"काका, कपडे कुठंयत?"

"कपडे नाहीत. निखारे हवेत."

"का, काकूंनी गॅस बंद केला तुमचा?" म्हणत सुखदेवने घमेल्यात निखारे घातले.

कढईवर मी जराशी तिरकीच बसले. खाली गॅसची बारीक आच, वर निखारे. किती वर्षांनी ती धग! ओळखीच्या कुणी डोक्यावर हात ठेवावा तसं वाटलं.

*वास सुटला म्हणजे झालें समजावें.*

इथे घोटाळा झाला. पुस्तकात मिनिटं नव्हती आणि शरच्चंद्रांना जबरदस्त सर्दी. नाक पार बंद. ते घड्याळाकडे बघत, माझ्याकडे बघत, पुन्हा पानाकडे बघत उभे राहिले.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"अहो! करपतंय! उचला आधी ती झाकणी!"

शरच्चंद्र जागीच थबकले. मग सांडशी शोधायला धावले.

मुक्ताई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. वरचा पापुद्रा काळा, आत लालसर मऊ. तिने चमचा घातला. एकदा. मग वाटी जवळ ओढली.

"साखर कमी पडलीय. उद्या मी सांगते तेवढी घाला."

"उद्या?"

"मग? उरलीत ना अंजिरं?"

मी निवताच शरच्चंद्रांनी मला बेसिनमध्ये घेतलं आणि पाठ फिरवून एकच जागा कितीतरी वेळ घासत राहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं भांडं असेल, ज्याचं काम आता कुणाला आठवत नाही. मोडीत घालण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कशाचं होतं, यात काय करायचात. आणि करून खाऊ घाला त्यांना. बिघडलं तरी चालेल.

पण लवकर विचारा.