बिनमायन्याचं पत्र

पनवेलच्या कचेरीबाहेर चिंचेखाली टेबल टाकून प्रभाकर भगत तीस वर्षं लोकांची पत्रं लिहीत होता. अर्ज काय, कोणीही खरडतो. प्रभाकरचं नाव होतं ते मायन्यासाठी. तीर्थरूप कोणाला आणि तीर्थस्वरूप कोणाला, चिरंजीव कुठे आणि सौभाग्यवती कुठे, बहिणीच्या सासऱ्याला काय आणि नवरा गेलेल्या बाईला काय, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. उरणच्या कोळणी बोटीवर गेलेल्या माणसांना पत्र घालायला मुद्दाम त्याच्याकडे येत. कागदाला हात लावण्याआधी तो तीन प्रश्न विचारायचा. बाप्या की बाई? वयानं थोर की लहान? लगीन झालाय का? "मायना चुकला तं पत्र पोचून बी पोचत नाय," असं तो म्हणायचा. लिहायचा पुस्तकातलं, बोलायचा आपल्या विचुंबे गावचं, आणि दोन्हींचा त्याला सारखाच तोरा होता.

त्याची बायको रमा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. विचुंब्यापासून उलव्यापर्यंत तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. नव्व्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर तिला लकवा झाला. उजवं अंग हळूहळू सावरलं, पण बोलणं गेलं ते गेलंच. समजायचं सगळं, ओठ हलायचे, शब्द मात्र यायचा एकच, "नाय." पाणी हवं का विचारलं की "नाय" म्हणायची आणि हात पुढे करायची. मग स्वतःवरच चिडून तोंड भिंतीकडे वळवायची. डॉक्टर म्हणाले, आता जेवढं येईल तेवढं आपलं. शब्दांवर पोट भरलेल्या माणसाच्या घरात चार महिने एकच शब्द उरला होता, आणि तोही नकाराचा.

नव्या पनवेलात संजनानं सायबर कॅफे काढला होता. गाळा एवढासा, कॉम्प्युटर चार. तिचे वडील बोटीवर असताना आईची सगळी पत्रं प्रभाकरनंच लिहिलेली, त्यामुळे काकांची अडचण कळल्यावर ती स्वतः येऊन त्याला घेऊन गेली. मराठी माणसं जगभरातून एकमेकांना जिथे काहीबाही विचारत, अशा एका गटात तिनं रमाची हकिगत इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून टाकली. ते सकाळी दहाला. दुपारी उत्तर हजर. पाठवणाऱ्याचं नाव होतं फक्त 'आभाळ'.

"ह्ये कुठशी आला?" प्रभाकरनं विचारलं.

"काय माहीत, काका. अमेरिका असेल, नाहीतर खारघर असेल."

प्रभाकर त्या काचेकडे बघतच राहिला. पोस्टमन नाही, शिक्का नाही, आणि दुनियेच्या कुठल्या तरी कोपऱ्यातलं माणूस त्याच्या रमाची चौकशी करत होतं. 'त्या आधी गायच्या का? बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट बरेचदा उघडी असते. तुम्ही नुसतं गुणगुणा. त्यांचा डावा हात हातात घेऊन मांडीवर ताल द्या. शब्द मागू नका. येऊ द्या.'

गायच्या का! प्रभाकरला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन तो रमाशेजारी बसला, तिचा डावा हात धरला आणि आपल्या फुटक्या गळ्यात हळदीचा धवला गुणगुणू लागला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी तिचा हात आपणहून थाप देऊ लागला. सहाव्या दिवशी त्यानं सूर चुकवला तेव्हा तिनं कपाळाला आठी घातली, आणि तो दुरुस्त करायला म्हणून तोंड उघडलं. आणि आलं की! कलश आला, आंब्याचा टाहाळा आला, नवरीची आई आली, पाच सवाष्णी आल्या, एकामागून एक अख्खा धवला बाहेर आला, एकही शब्द न अडखळता. घरात जणू देवच आल्यासारखा प्रभाकर उठून हात जोडून उभा राहिला. चार महिने हे सगळं तिच्या आत होतं, जसंच्या तसं!

गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, "पानी देऊ?" रमा म्हणाली, "नाय," आणि हात पुढे केला.

म्हणजे गाणं परत आलं होतं, बोलणं नाही. गाण्यातला शब्द बोलण्यात कसा आणायचा, ते आभाळलाच ठाऊक असणार. प्रभाकरनं पहिल्यापासून 'बंधुवर्य आभाळ यांस' असा मायना घातला होता. एवढं ज्ञान म्हणजे बाप्याच, असं त्यानं आपल्या अकलेनं ठरवून टाकलेलं; आपले ते तीन प्रश्न विचारायची गरजसुद्धा त्याला वाटली नव्हती. आता आनंदाच्या भरात त्यानं संजनाला पानभर मजकूर सांगितला. तुम्ही मला पाठच्या भावासारखे, वगैरे.

उत्तरात रमाबद्दल आनंद होता, आणि शेवटी एक ओळ होती: 'एक विनंती. मला बंधू म्हणू नका.'

"म्हंजे बाई हाय!" प्रभाकरनं कपाळावर हात मारला. लगेच दुसरं पत्र. 'सौभाग्यवती ताईस', हजार वेळा क्षमा, पनवेलला या, रमा तुमची ओटी भरेल.

त्यावर काही आलं नाही. चार दिवस गेले, आठ गेले. प्रभाकर रोज कॅफेत यायचा, संजना मान हलवायची. घरी रमा धवले गायची आणि गाणं थांबलं की परत मुकी व्हायची. आता तर ते जास्तच जिवाला लागायचं. दार किलकिलं झालेलं, आणि उघडणारा हात आपणच झिडकारलेला.

नवव्या दिवशी संजना म्हणाली, "काका, ते बाईसुद्धा नसतील."

"बाप्या नाय न बाई नाय, मंग काय?" तो भडकला. "मायना काय घालू मी, सांग ना!"

"मला नाही माहीत. पण चॅटवर गेलं ना, की सगळ्यांचा पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी. सांगितलं की त्यांचं बोलणंच बदलतं. मी तर असं नाव घेते की कोणाला कळणारच नाही. तेवढा वेळ मी नुसती मी असते. मला ते तासाभरापुरतं लागतं. कोणाला कायमचं लागत असेल."

प्रभाकरला शिवा आठवला. की आठवली? वीटभट्टीवर काम करणारं ते माणूस लुगडं नेसून रेशनकार्डाचा अर्ज लिहून घ्यायला आलं होतं, आवाज घोगरा. प्रभाकरनं वर न बघता नावामागे 'श्री.' ठोकलं होतं. "सायेब, तसा नको," एवढंच शिवा म्हणाला होता, म्हणाली होती. आणि "रीत हाय ती" म्हणून त्यानं कागद पुढे सरकवला होता. तो कागद हातात धरून ते माणूस बराच वेळ चिंचेखाली उभं होतं. त्या गोष्टीला दहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत प्रभाकरला त्याची लाज वाटली नव्हती, ती आज कॅफेत बसल्या बसल्या वाटली.

त्यानं आभाळची सगळी पत्रं छापून मागितली आणि पुन्हा वाचली. आणि हा तीस वर्षांचा मुरलेला लेखनिक थक्क झाला. आठ पत्रं, मराठीत, आणि लिहिणारा कोण की लिहिणारी कोण याचा एका ओळीत पत्ता नाही! 'मी सांगतो' नाही, 'मी सांगते' नाही. 'सांगावंसं वाटतं', 'माझ्या पाहण्यात आलं'. प्रत्येक वाक्य कसं जपून, कडेकडेनं नेलेलं. जन्मभर असं चालायचं म्हणजे काय कष्ट असतील! आणि त्यातून वेळ काढून या माणसानं परक्या रमाचा ताल मोजला होता.

"टाइप कर," तो संजनाला म्हणाला. "मायना नको."

"नको?"

"मना ठाव नाय तं कसा घालू?"

त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं बिनमायन्याचं पत्र. 'माझं चुकलं. मी न विचारता ठरवलं, एकदा नव्हे, दोनदा. आपणांस काय म्हणावं? आपण सांगाल ते लिहीन. सांगावंसं वाटत नसेल तर सांगू नका, मी पुन्हा विचारणार नाही.' रमाच्या पुढच्या इलाजाचं त्यात एक अक्षर नव्हतं. संजनानं आठवण केली, तर म्हणाला, "त्ये आता नको. लाच दिल्यासारखा दिसल."

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'या गटात तीन वर्षं झाली. लोकांनी दादा केलं, ताई केलं. विचारलं कोणी नव्हतं. मी भाऊ नाही, बहीणही नाही. जे आहे त्याला आपल्याकडे मायना नाही. आईचं पत्र येतं, त्याची पहिली ओळ हातानं झाकून बाकीचं वाचावं लागतं. काय म्हणावं, हे मलाच माहीत नाही, कारण कधी विचार करायची वेळच आली नाही. पत्रं लिहिणारे तुम्ही. तुम्हीच शोधा.' खाली रमासाठी पुढचे धडे होते, नीट ओळीनं लिहिलेले. गाण्यातली एकच ओळ घ्या, सूर थोडा थोडा कमी करत न्या, शेवटी नुसता ताल ठेवा.

प्रभाकरनं ते पत्र घरी नेऊन रमाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाल सोलता सोलता तिचा डावा हात थांबला. आईच्या पत्राची ओळ आली तेव्हा तिचे डोळे भरले.

पुढचे पंधरा दिवस सकाळी धडा आणि दुपारी मायन्याचा शोध. 'स्नेही'? तो लग्नपत्रिकेतला. 'महोदय'? तो कचेरीतला. तीस वर्षांची पोतडी त्यानं उलटी केली, आणि एवढ्या दुनियेच्या नात्यांत या एका जिवाला बसायला जागा निघेना. एका दुपारी वही मिटून तो रमाला म्हणाला, "हारलो गो मी. ज्यानं तुजा गला परत दिला, त्याला हाक मारायला माज्याकं शब्द नाय."

रमानं त्याच्याकडे पाहिलं. डावा हात मांडीवर ठेवला आणि ताल धरला. ती गाणार असं समजून तो सुराची वाट बघत राहिला. सूर आला नाही. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. मानेची शीर ताठ झाली.

"आपलं," रमा म्हणाली. हाताची थाप पडली. "आपलं... मानूस."

ती गायली नव्हती.

प्रभाकर तसाच, पायात चप्पल न घालता, रस्ता तुडवत नव्या पनवेलात पोचला. संजनानं विचारलं काय झालं, तर त्यानं तिच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि समोरच्या कागदावर, आपल्या वळणदार अक्षरात, स्वतःच लिहिलं:

'आपलं माणूस,
आज रमा बोलली. तुम्हाला काय म्हणायचं, ते तिनं सांगितलं.'