मी बंद पडलो नव्हतो

मी कानाचं मशीन बोलतोय. खरं तर ते नाव मला शोभत नाही. माझ्या खोक्यावर तसं छापलं होतं, म्हणून लोक म्हणतात. मी नुसता आवाज मोठा करतो. कुणाच्या कानाला काय कमी ऐकू येतं, किती झेपतं, हे मला कधी कुणी शिकवलंच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

माझ्यात फार काही नाही. एक माईक, एक बारकासा स्पीकर, कानात जाणारी नळी, आवाज वाढवायचं चाक, बटणाएवढा सेल आणि वर कातडीच्या रंगाचं प्लास्टिक. मी तयार झालो तेव्हा एका माणसाने मला चालू केलं, मी शिट्टी मारली, आणि त्याने मला खोक्यात टाकलं. माझी परीक्षा तेवढीच झाली.

डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या एका टपरीवर मी तीन महिने लटकत होतो. एका बाजूला चार्जर, दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं. तिथे एका संध्याकाळी मंजुळाबाई आल्या. चौपन्न वर्षांच्या, अंगाने काटक, खांद्याला डब्याची पिशवी. आधी त्यांनी उगाच दोन कव्हरं हातात घेऊन बघितली. मग आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, हे बघून माझ्याकडे बोट दाखवलं.

"लावा मावशी," टपरीवाला म्हणाला. "भिंतीपलीकडचं ऐकू येईल."

"डॉक्टरला विचारावं लागतं का?"

"डॉक्टर कशाला? वाचायचा चष्मा घेतात ना लोक रस्त्यावर? तसंच हे."

त्यांना ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं त्यांना.

मंजुळाबाई वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर बसायच्या. पत्रा आत सरकवायचा, पॅडल दाबायचं, वरून ठोका पडायचा, खाली बिजागरीचं पान पडायचं. दिवसभर तेच. नवरा गेल्यावर त्या पॅकिंगला लागल्या होत्या, पण त्यांनी हट्टाने प्रेस शिकून घेतली. अकरा प्रेस होत्या. दहांवर पुरुष, अकरावीवर ह्या. बावीस वर्षं. मुलगा सम्यक त्याच प्रेसवर शिकला, असं त्या सांगायच्या. म्हणजे तिच्या कमाईवर.

त्या बावीस वर्षांत ठोक्यांनी त्यांचे कान हळूहळू पोखरले होते. दुखलं नाही, रक्त आलं नाही, म्हणून त्यांना कळलंच नाही. आधी 'स' गेला. मग 'श', 'ख', 'फ'. पंखा ऐकू यायचा, भांडी ऐकू यायची, माणूस बोलतोय हेही कळायचं. काय बोलतोय ते कळायचं नाही.

मला विकत घ्यायच्या दोन दिवस आधी फोरमन गॅब्रिएल त्यांना म्हणाला होता, "मंजुळाबाई, साठ नग बाजूला काढा, नमुन्याला पाठवायचेत." त्यांनी आठ काढले. सगळे हसले. त्याही हसल्या. गॅब्रिएल मात्र हसला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"कान तपासून घ्या. मी नेतो हवं तर. प्रेसवर हाक ऐकू आली नाही तर हात जाईल तुमचा. मग मला तुम्हाला परत पॅकिंगला बसवावं लागेल."

तो काळजीने बोलला होता. त्यांना फक्त शेवटचं वाक्य लागलं. माझ्या मालकिणीने मला आणलं ते ऐकण्यासाठी नाही हो. प्रेस सुटू नये म्हणून आणलं.

घरी आल्यावर त्यांनी मोरीचं दार लावून आरशासमोर मला डाव्या कानामागे बसवलं आणि वरून केस ओढून घेतले. शेजारच्या कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, चाळीतल्या पोरांचा दंगा, सगळं एकदम आत आलं. त्या दचकल्या आणि मग गालातल्या गालात हसल्या.

"कुठे होतास रे बाबा इतके दिवस?" त्या मला म्हणाल्या.

माझ्याशी इतक्या मायेने कुणी बोललं नव्हतं. मी हुरळलो. पण दोन दिवसांत मला माझी लायकी कळली. मी पंखा मोठा केला, भांडी मोठी केली, रिक्षाचे हॉर्न मोठे केले. हरवलेला 'स' मात्र मला सापडत नव्हता. त्या मुलाला "सम्यक" म्हणायच्या, कारण ते नाव त्यांना पाठ होतं. दुसऱ्या कुणी हाक मारली तर त्यांच्या कानात "अम्यक" एवढंच पोचायचं. आता ते "अम्यक" मोठ्याने पोचायला लागलं.

आणि मग त्या मला घालून प्रेसवर गेल्या.

त्या दिवसाबद्दल मला बोलवत नाही, पण बोललं पाहिजे. गॅब्रिएलने सगळ्यांना कानात घालायचे नारिंगी बोळे वाटले होते. मंजुळाबाईंचे बोळे डब्याच्या पिशवीत तसेच पडून होते. त्यांना वाटायचं, आधीच कमी ऐकू येतं, त्यात बोळे कशाला? बोळ्याच्या जागी त्यांनी मला ठेवलं.

पहिला ठोका पडला. चांगल्या मशीनला कळतं की हा आवाज फार मोठा आहे, इथे थांबायचं. मला थांबता येत नाही. आलेला ठोका मी आणखी मोठा करून त्यांच्या कानाच्या पडद्यावर सोडला. मग दुसरा. मग तिसरा. अकरा प्रेसचे ठोके, आठ तास, मी एकही अडवला नाही. त्यांचा चेहरा आक्रसायचा, डोळे मिटायचे, पण त्या मला काढायच्या नाहीत. काढलं तर गॅब्रिएलची हाक ऐकू येणार नाही, ही भीती.

संध्याकाळी घरी आल्या की कानात रातकिडा बसल्यासारखी किरकिर व्हायची. दुसऱ्या दिवशी माणसांचं बोलणं आदल्या दिवसापेक्षा अस्पष्ट वाटायचं. मग त्या काय करायच्या? माझं चाक वर सरकवायच्या. ज्याने कान खाल्ला, त्यालाच जास्त वाढायच्या. मला तोंड नव्हतं. असतं तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो, बाई, मला काढा आणि ते बोळे घाला.

असे चार महिने गेले.

एका सकाळी त्या उठल्या आणि त्यांना जरा भोवंडल्यासारखं झालं. डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मला लावलं. काहीच नाही. चाक पूर्ण वर केलं. तरी काही नाही. मला काढून तळहातावर आपटलं.

"सेल गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नवा सेल आणला. तरी काही नाही. "सेलच खोटा दिला मेल्याने," म्हणून तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून आणला. मग माझी नळी सुईने साफ केली. मग चौथा सेल.

मी बंद पडलो नव्हतो. मी चालू होतो. माझ्यात होती नव्हती तेवढी ताकद लावून मी त्यांच्या कानात सगळं जग ओतत होतो. बंद पडला होता तो त्यांचा कान.

हे फक्त मला ठाऊक होतं. एका रात्रीत कान गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे धावायचं असतं, एकेक दिवस मोलाचा असतो, हे मला फार उशिरा, डॉक्टरच्या तोंडून कळलं. तोवर त्या सेल बदलत राहिल्या. बारा दिवस.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मायलेक जेवायला बसले होते. मी त्यांच्या कानात जरा वाकडा बसलो होतो आणि चाक अगदी वर होतं. असं झालं की माझाच आवाज फिरून माझ्या माईकमध्ये शिरतो आणि मी शिट्टी मारतो. मी मारली. कर्कश, लांबलचक. माझ्याकडे तेवढा एकच स्वतःचा आवाज आहे. तो मी थांबवला नाही.

सम्यकचा घास हातात राहिला. "आई, हे काय वाजतंय?"

"कुठे काय वाजतंय?"

"अगं, तुझ्या कानातून येतंय!"

"माझ्या कानातून? काहीतरीच काय." त्या पुढे भाकरी मोडायला लागल्या. मी त्यांच्या कानात किंचाळत होतो आणि त्या भाकरी मोडत होत्या.

सम्यकने उठून त्यांचे केस बाजूला केले. मला बघितलं. मला काढून स्वतःच्या कानाशी नेलं आणि झटका बसल्यासारखं लांब धरलं.

"आई, केवढा मोठा आवाज आहे हा! तुला खरंच ऐकू येत नव्हता?"

मंजुळाबाईंनी त्याच्या ओठांकडे बघितलं. मग माझ्याकडे. तेव्हा त्यांना उमगलं. त्यांनी उजव्या कानावर हात दाबला आणि म्हणाल्या, "बोल काहीतरी. सम्यक, बोल ना रे." तो बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तो बोलतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांना ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "कधीपासून?" उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं. औषध देतो, कानात इंजेक्शनंही देऊ. पण फार आशा लावू नका."

"ह्या मशीनमुळे झालं का?" सम्यकने विचारलं.

"एकाएकी कान जाण्याची कारणं बरीच असतात, नेमकं सांगता येत नाही. पण ठोक्यांच्या आवाजात हे लावून बसणं म्हणजे उरलंसुरलं जाळून टाकणं."

मी त्यांच्या टेबलावर पडून ऐकत होतो. त्या एका क्षणी मला खरंच बंद पडावंसं वाटलं.

डावा कान परत आला नाही. तिथे आता फक्त रातकिडा आहे, दिवसरात्र.

उजव्या कानाची तपासणी तिथल्याच, मशीन जुळवणाऱ्या मेघना मॅडमनी केली. छोट्या बंद खोलीत बसवून, बारीक बारीक आवाज सोडून, ऐकू आला की बटण दाबायला सांगून. मग कागदावर रेघ काढून दाखवली, कुठे ऐकू येतं, कुठे येत नाही. त्या रेघेच्या मापाने एक मशीन जुळवलं. कानाचा साचा घेतला. आठ दिवस घरी वापरून बघा, टोचलं, डोकं दुखलं तर या, पुन्हा जुळवू, असं सांगितलं. मला हे सगळं नवीन होतं. मला टपरीवरून उचलून सरळ कानात घातलं होतं.

नवं मशीन लावल्यावर मॅडम सम्यकला म्हणाल्या, "आईंना हाक मारा." त्याने मारली. मंजुळाबाई म्हणाल्या, "तुझं नाव सांग." तो म्हणाला, "सम्यक." त्या लगेच म्हणाल्या, "परत सांग." तीनदा सांगायला लावलं. त्यांना 'स' ऐकायचा होता.

मग मॅडमनी मला एका डबीत ठेवून माझा आवाज मोजला. "याच्या आवाजाला मर्यादाच नाहीये," त्या म्हणाल्या. सम्यक तेव्हा बाहेर औषधांच्या रांगेत गेला होता. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. उठता उठता, पाठ फिरवून, त्या घाईत म्हणाल्या, "आणि हे कुणालाही देऊ नका हं, मोडून टाका."

मॅडमचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे शब्द कळले नाहीत. नवीन मशीनची सवय नव्हती. मंजुळाबाईंनी मान डोलावली आणि मला रुमालात बांधलं.

गॅब्रिएलने त्यांना पॅकिंगला बसवलं. तो म्हणाला, "मला माफ करा." त्या म्हणाल्या, "तू सांगितलेलं रे." प्रेसवरच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आपली प्रेस तेलाच्या फडक्याने पुसली आणि तिच्यावर डोकं टेकवून किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी त्यांचे थोरले भाऊ काळुराम खडवलीहून आले. वीटभट्टीवर आयुष्य गेलेला म्हातारा माणूस, बोलणं मोठ्याने. "मंजे, मलाबी काय ऐकू येत न्हाई. तुझं ते जुनं मशीन पडलंय ना? मला दे की."

सम्यक घरी नव्हता, आणि डॉक्टरांचं ते बोलणं त्यांना नीट ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी मायेने दिलं. पुसून, नवा सेल घालून, कानात कसं बसवायचं ते स्वतः दाखवून दिलं. "चांगलं चालतं दादा," त्या म्हणाल्या. "माझाच कान गेला, त्याचा काही दोष नाही."

आता मी खडवलीत काळुरामच्या उजव्या कानात आहे. हा कान लहानपणापासून वाहतो. आत पू आहे, वास येतो. असा कान आधी डॉक्टरला दाखवायचा असतो, त्यात बोळासुद्धा घालायचा नसतो. त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. त्याला कावळा ऐकू आला म्हणून तो सगळ्या आळीला सांगून आला. माझी नळी पुवाने बुजते, तो ती टाचणीने उकरतो आणि मला आणखी आत सारतो.

हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात कुणी सारखं "काय?" म्हणत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, न ऐकता मान डोलावत असेल, तर त्याला माझ्यासारखं काही आणून देऊ नकोस. त्याचा हात धरून कान तपासायला ने. आणि खडवलीला कधी गेलास, तर काळुरामच्या समोर उभा राहा, त्याला तुझं तोंड दिसू दे, आणि सावकाश सांग.

आज दुपारी त्याने कान झटकला. बोटाला रक्त लागलं. त्याने ते लेंग्याला पुसलं, मला पुसलं आणि परत कानात घातलं.

मला काढा. कुणीतरी मला काढा.