देवदत्तनं मारलेली थाप

पुण्यात कॉलेजला असताना देवदत्तनं आपल्या आजीला कितीदा हॉस्पिटलात ॲडमिट केलं असेल, त्याला गणती नाही. म्हातारी ठणठणीत होती, रोज सकाळी पर्वती चढून यायची. पण नो-एंट्रीत शिरताना ट्रॅफिकच्या मामांनी देवदत्तला धरलं, की तिकडे तिला सलाईन लागायचं आणि इकडे याचा चेहरा असा काही उतरायचा की बघणाऱ्याला दया यावी. मामांनाही ठाऊक असायचं. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, "बरं, पुढच्या वेळी आजोबांना घेऊन ये," म्हणायचे आणि सोडून द्यायचे. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. दोघांनी मिळून करायचा तो एक छोटासा खेळ होता.

अमेरिकेत आला, फ्रीमाँटमध्ये संसार थाटला, इंग्रजीला नाकातला सूर आला, तरी ही सवय काही सुटली नाही. वापरायची वेळ आली नव्हती, इतकंच. ती आली २००५ साली.

देवदत्त तेव्हा मिलपिटासच्या एका कंपनीत होता आणि मोटरसायकलनं जायचा-यायचा. संध्याकाळी ८८० फ्रीवेवर गाड्या अशा खोळंबायच्या की माणसं स्टिअरिंगवर पेपर ठेवून वाचत बसत. कॅलिफोर्नियात दोन लेनच्या मधल्या फटीतून बाइक काढायला कायद्याची आडकाठी नाही. बेतानं गेलात तर पोलीस बघून न बघितल्यासारखं करतात. देवदत्तला हे कळलं तेव्हा त्याला माहेर भेटल्यासारखं झालं. ऑफिसातला चंद्रशेखर म्हणायचा, "यार, तू इकडे येऊन पण लक्ष्मी रोडच ड्राइव्ह करतोस!" देवदत्त हसायचा आणि पेट्रोल वाचतं म्हणून सांगायचा.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको रेणू सहाव्या महिन्यात एकटीच हॉस्पिटलात गेली होती, शेजारणीच्या गाडीतून. तिचा फोन आला तेव्हा तो निघाला, आणि याच फ्रीवेवर, याच गाड्यांमध्ये अडकून पडला. पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. नर्सनं हळू आवाजात विचारलं, मुलीला बघायचंय का? त्यानं नको म्हणून मान हलवली. रेणूनं पाहिली होती, हातात घेतली होती. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. काही दिवसांनी त्यानं सेकंडहँड बाइक घेतली, आणि रेणूनं का म्हणून विचारलं नाही.

तर त्या संध्याकाळी देवदत्त थांबलेल्या गाड्यांमधून जरा जास्तच जोरात सुटला होता. मागे लाल-निळे दिवे दिसले. तोही मोटरसायकलवरचाच पोलीस निघाला. जाडजूड मिशा, छातीवर डेल्गाडो अशी पाटी. दोघं कडेला थांबले.

"मधून जा, माझं काही म्हणणं नाही," डेल्गाडो म्हणाला. "पण या स्पीडनं? कुणी लेन बदलली तर तुझं काय उरेल?"

सॉरी म्हटलं असतं तर बहुधा एवढ्यावरच भागलं असतं. पण पोलीस दिसला की देवदत्तची जीभ त्याला न विचारताच कामाला लागायची. आजी तर तीन वर्षांपूर्वी खरोखरच गेली होती. जिभेनं दुसरं माणूस शोधलं.

"ऑफिसर, माझी बायको हॉस्पिटलात आहे. बाळ होतंय."

आता मामांसारखा हा हसेल, काहीतरी टोमणा मारेल, अशी त्यानं वाट पाहिली. डेल्गाडो हसला नाही. त्याचा सगळा चेहराच बदलला.

"कुठलं हॉस्पिटल?"

देवदत्तला एकाच हॉस्पिटलचं नाव माहीत होतं. तेच तोंडातून गेलं.

"माझ्या मागे ये. अंतर ठेव आणि घाबरू नकोस. वेळेवर पोचवतो तुला."

आणि सायरन सुरू झाला. दोन वर्षांपूर्वी ज्या गाड्या इंचभर हलल्या नव्हत्या, त्या आता आपणहून बाजूला होत होत्या. एका बाईनं काच खाली करून अंगठा दाखवला. डेल्गाडो मधून मधून मागे वळून हा येतोय ना ते बघत होता, बापानं सायकल शिकणाऱ्या पोराकडे बघावं तसं. देवदत्तला वाटलं, थांबावं आणि सांगून टाकावं. दर एक्झिटला वाटलं. पण सांगणार काय? अहो, हे आमच्याकडे असंच म्हणायचं असतं, तुम्ही मनावर घेऊ नका? इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी तो थांबला नाही.

हॉस्पिटलच्या दारात डेल्गाडोनं हात मिळवला. "मला दोन आहेत," तो म्हणाला. "धाकटीच्या वेळी मी ड्यूटीवर होतो. जा, पळ!"

तो बघत उभा होता, म्हणून देवदत्त खरंच पळाला. आत लॉबीत फुग्यांच्या दुकानाशेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर हेल्मेट मांडीवर घेऊन पाच मिनिटं बसला. ती लॉबी तीच होती. समोरून एक आजोबा गुलाबी फुगा घेऊन गेले आणि याच्याकडे बघून आपुलकीनं हसले. त्यांनी याला आपल्यातलाच समजलं असणार.

घरी रेणू भाजी चिरत होती. "आज लवकर?" तिनं विचारलं.

"ट्रॅफिक नव्हता," तो म्हणाला, आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

त्या दिवसापासून एकच धसका त्याला लागला. दंड, लायसन्स, व्हिसा गेला खड्ड्यात. रेणूला हे कळता कामा नये. तिच्या त्या दिवसाचं नाणं करून आपण ते पोलिसासमोर खुळखुळवलं, हे तिला कळलं तर तिच्याकडे मान वर करून बघायची सोय राहणार नव्हती. तो रस्ता बदलून लांबून जायला लागला. मधून बाइक काढणं बंद केलं, शहाण्यासारखा गाड्यांच्या मागे उभा राहून धूर खायला लागला. चंद्रशेखर म्हणाला, "क्या हुआ यार, बुड्ढा झालास?"

वसंतात एका रविवारी रेणूच म्हणाली, "मला कधी बसवणार आहेस का त्या बाइकवर? का ती तुझी एकट्याचीच?" बऱ्याच दिवसांनी ती अशी लाडात बोलली होती. दोघं नाइल्स कॅन्यनच्या रस्त्यानं निघाली. डोंगर हिरवेगार होते, रेणू मागून काहीतरी गुणगुणत होती. घाट संपला तिथे सिग्नलपाशी गाड्यांची भली मोठी रांग लागली होती. देवदत्त मुकाट्यानं शेवटी जाऊन थांबला.

"हे काय?" रेणूनं पाठीत बोट खुपसलं. "जा की मधून! पुणेकर ना तू?"

तिचा आवाज इतका मजेत होता की त्याला नाही म्हणवेना. तो फटीत शिरला, अगदी चालण्याच्या वेगानं. आणि मागे दिवे लागले.

मिशा त्यानं आरशातच ओळखल्या. पळून जावं असं वाटलं, पण मागे रेणू होती.

"आज स्पीड बरा आहे," डेल्गाडो जवळ येत म्हणाला. "पण पुढे वळण आहे, इथे नको—" देवदत्तनं हेल्मेटची काच वर केली आणि तो थांबला. मग त्याच्या तोंडभर हसू पसरलं. "अरे, तू! हॉस्पिटलवाला! मी बायकोला सांगितली तुझी गोष्ट. वेळेवर पोचलास ना? आणि ही आई ना? मुलगा की मुलगी?"

देवदत्तचे कान गरम झाले. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. रेणू बाइकवरून उतरल्याचं त्याला नुसतं जाणवलं. तिनं हेल्मेट काढलं, केस मागे सारले. तिनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात सगळं तिला कळलं.

आता ती खरं सांगेल, त्याला वाटलं. सांगू दे. सांगायलाच हवं.

"मुलगी," रेणू इंग्रजीत म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "माझी आई आलीय, तिच्याजवळ ठेवून आलो. झोपली होती."

"अभिनंदन! नाव काय ठेवलंत?"

"शरयू."

डेल्गाडोनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, छान आहे म्हणाला. घरी लहान बाळ आहे, आता तरी रांगेत चालव, असं देवदत्तला दटावून तो निघून गेला.

दोघं रस्त्याच्या कडेला उभी होती. गाड्या शेजारून जात होत्या. देवदत्तची नजर जमिनीवरून उठत नव्हती.

"रेणू," तो शेवटी म्हणाला, "चुकलं माझं. मी... तोंडातून गेलं." ती हातातल्या हेल्मेटचा पट्टा सरळ करत होती. मग त्याच्यानं राहवेना. "ते नाव... तू आत्ता सुचेल ते सांगितलंस ना?"

"तिला हातात घेतली तेव्हाच ठेवलं होतं," रेणू म्हणाली. तिनं हेल्मेट घातलं आणि पट्टा नीट लावला. "त्या पोलिसानं दोन मिनिटांत विचारलं, देव. तू अजून विचारलं नव्हतंस."